नावावरची आडवी रेघ

खंदारे मॅडमसमोर 'सजावट' हा शब्द काढायची सोय नव्हती. लग्नाच्या मांडवाला सजावट म्हणा, त्यांची हरकत नसे. पण संगणकाच्या पडद्यावर एखाद्या शब्दाखालून किंवा शब्दावरून ओढलेल्या रेघेला कुणी सजावट म्हटलं की त्या हातातला चहा खाली ठेवत. गंमत अशी, की आम्ही संगणकाच्या ज्या भाषेत पडदे लिहायचो त्या भाषेत या रेघांचं अधिकृत नावच 'टेक्स्ट डेकोरेशन' आहे. मॅडमना ते रोज टाइप करावं लागे.

"नाव ठेवणारानं चुकीचं नाव ठेवलंय," त्या म्हणत. "सजावट म्हणलं की माणसाला वाटतं, काढली तरी काय बिघडायलंय."

परभणीत वसमत रोडला एका मेडिकल दुकानाच्या वर आमचं ऑफिस होतं. मालक धरून आम्ही चौघं. सगळं जग मोबाइलच्या मागे लागलं तरी आमची गिऱ्हाइकं टेबलावरच्या संगणकालाच धरून होती. खत-बियाण्यांची दुकानं, कापसाचं जिनिंग, दवाखाने, रक्त तपासणीच्या लॅब. त्यांच्यासाठी आम्ही प्रोग्राम करायचो. संघमित्रा खंदारे पुण्यातली बरी नोकरी सोडून आमच्याकडे आल्या, कारण आईला पेडगाव सोडवत नव्हतं आणि आईला एकटं ठेवणं त्यांना जमत नव्हतं. रोज पेडगावहून एसटीनं येत. उंच, सडपातळ, सुती ड्रेस, चष्मा कायम कपाळावर चढवलेला. बोलणं कमी. पुण्यात इतकी वर्षं काढूनही जिभेवरची घरची भाषा त्यांनी पुसू दिली नव्हती.

त्यांची काम तपासायची रीत वेगळीच होती. पडदा तयार झाला की त्या खुर्चीवरून उठायच्या, पार दारापर्यंत जायच्या आणि तिथून डोळे बारीक करून बघायच्या. मग ट्यूब बंद करायला लावायच्या. मग खिडकी उघडून उन्हाची तिरीप काचेवर पडू द्यायच्या. कधी खालच्या मेडिकलमध्ये औषध घ्यायला आलेल्या एखाद्या म्हाताऱ्याला वर बोलावून विचारायच्या, "बाबा, हे काय लिव्हलंय वाचा बरं." म्हातारा चुकला तर तो अडाणी असं त्यांना कधी वाटलं नाही. त्या मुकाट्यानं परत खुर्चीवर बसायच्या.

आणि एक प्रश्न त्यांच्या तोंडात कायम असे. "आणि उलटं झालं तर?" गिऱ्हाईक खूश होऊन पेढे घेऊन आलेलं असायचं आणि मॅडम विचारायच्या, लाइट गेली तर? नाव चुकलं तर? नवा माणूस बसला तर? मालक हसत म्हणायचे, मॅडमला पेढा देऊ नका, त्या त्यात खडा शोधतील. पाठीमागे काही जण त्यांना अपशकुनी म्हणत. त्यांच्या कानावर ते होतं.

त्या आल्या त्याच सुमारास एका लॅबमध्ये आमच्या जुन्या प्रोग्रामनं गोंधळ घातला होता. तातडीच्या पेशंटच्या नावाखाली रेघ यायची. ही रेघ इंग्रजीच्या मापानं ओढलेली. इंग्रजी अक्षरं ओळीवर बसतात, त्यांच्या खाली फारसं काही लोंबत नाही. आपल्या अक्षरांच्या पायाशी मात्र उकार असतात. रेघ नेमकी उकारांवरून गेली आणि 'मुळे' आडनावाचं 'मळे' झालं. मुळे नावाच्या गृहस्थांचा रिपोर्ट मळे नावाच्या बाईंच्या हातात गेला. त्या बाईंनी शुगर वाढली म्हणून भात सोडला, रडरड केली, लेकीला सासरहून बोलावून घेतलं. चूक कळल्यावर सगळे पोट धरून हसले. बाईसुद्धा हसल्या.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं आणि रेघेचं शास्त्र सांगितलं. रेघ चार जागी येऊ शकते. शब्दाच्या डोक्यावर, मधून, अक्षरांच्या पायाशी आणि पायाच्याही खाली. डोक्यावर ओढली तर आपल्या शिरोरेषेत मिसळून जाते, दिसतच नाही. पायाशी ओढली तर उकार खाते. त्यांनी ती रेघ खाली सरकवली, थोडी बारीक केली. काम दोन ओळींचं होतं. मग म्हणाल्या, "ह्या बाईनं भातच सोडला. मुळेंना काय सांगितलं असंल, ते कुणी विचारलं का?"

कुणीच विचारलं नव्हतं. मॅडमनी लॅबमधून नंबर काढून फोन लावला. मुळेंना 'सगळं नॉर्मल आहे' सांगून घरी पाठवलेलं होतं आणि त्यांच्या पायाची जखम चिघळायला लागली होती. ते वाचले, पण त्यानंतर त्या प्रसंगावर ऑफिसात कुणी हसलं नाही.

माझं गाव पोखर्णीजवळ. घरी मेंढरं. एकदा बहिणीच्या कार्यक्रमाला मॅडम आमच्या घरी आल्या होत्या. जेवणं झाल्यावर त्या वडलांजवळ मेंढरांपाशी जाऊन उभ्या राहिल्या. वडील जंताचं औषध पाजून झालेल्या मेंढीच्या पाठीवर खुणेसाठी काव, म्हणजे तांबडी माती, लावत होते. मॅडमनी विचारलं, हे पुसत नाही का? वडील म्हणाले, पुसतं की. मागे एका मेंढीची खूण पुसली, तिला दुसऱ्यांदा औषध पाजलं गेलं आणि ती मेली. सांगताना त्यांचा हात तिच्यासारख्याच दुसऱ्या एका मेंढीच्या पाठीवर होता. तेव्हापासून ते कावही लावत आणि पाजलेली मेंढरं वाघरीच्या, म्हणजे जाळीच्या, पलीकडेही सोडत. मॅडम बराच वेळ तिथं उभ्या होत्या.

पुढच्या वर्षी आम्हाला गोदाकाठच्या एका साखर कारखान्याचं काम मिळालं. आमच्यासाठी ते मोठंच होतं. कारखान्याची सगळी यंत्रं एका खोलीतल्या पडद्यावर दिसायची, आणि तिथं बसलेला ऑपरेटर ती चालू-बंद करायचा. त्या पडद्यांची जबाबदारी मॅडमकडे आली. गंगाखेडच्या पुढे एसटीतून उतरून कारखान्याची गाडी घ्यावी लागे. पहिल्या फेरीत त्यांनी इंजिनिअर साहेबांच्या आधी गेटवरच्या सय्यद चाचांशी गप्पा मारल्या आणि त्यांचा नंबर घेतला. हीही त्यांची जुनी खोड. जातील तिथं फाटकावरच्या माणसाचा नंबर आधी. मी कारण विचारलं, तर म्हणाल्या, साहेब मीटिंगमध्ये असतात, हा माणूस जाग्यावर असतो.

दुरुस्तीच्या दिवसांत माणसं यंत्रांच्या पोटात शिरून काम करतात. बाहेरून कुणी बटण दाबलं तर संपलं. म्हणून मॅडमनी नियम केला: आत जाताना माणसानं यंत्राजवळचा खटका दाबायचा, मग त्या यंत्राच्या नावावरून पडद्यावर आडवी रेघ जाईल. जाड, लाल, अक्षरांच्या मधोमध. आमच्या पद्धतीत रेघ कशी ओढायची हे संगणकाला पायरीपायरीनं सांगत नाहीत. काय असावं, एवढंच एका जागी लिहून ठेवायचं. मग पडद्यावरचं प्रत्येक नाव तो हुकूम आपणहून पाळतं. मॅडमना या पद्धतीचं कौतुक होतं आणि तिची भीतीही होती. "हे लय आज्ञाधारक हाय," त्या एकदा म्हणाल्या. "दुसऱ्यानं येऊन दुसरं सांगितलं तर त्याचंबी ऐकंल. आणि आपल्याला खबर देणार न्हाई."

कंट्रोल रूममध्ये शेषराव नावाचे ऑपरेटर होते. पन्नाशीचे, जुने, सगळ्यांचे लाडके. यंत्र चालू करण्याआधी लोखंडी जिना उतरून स्वतः डोकावून यायची त्यांची पद्धत. रेघ सुरू झाल्यावर हंगामभर सगळं सुरळीत चाललं. हंगाम संपताना आम्ही गेलो तेव्हा त्यांनी मॅडमला मोठ्या कौतुकानं सांगितलं की आता गुडघ्यांना आराम मिळाला.

"तुमची रेघ हाय ना मॅडम. मंग खाली कशाला जायचं?"

मॅडमनी तिथंच शेषरावांना बजावलं की रेघ ही फक्त सांगण्यापुरती आहे, बघायचं सोडू नका. शेषराव हो म्हणाले. मॅडमनी इंजिनिअर साहेबांकडे जाऊन आत जाणाऱ्याच्या स्वतःच्या कुलपाची मागणी केली. कुलूप लागलं की मोटारीला वीजच मिळणार नाही, किल्ली आत गेलेल्याच्या खिशात. साहेबांना पटलं. पुढच्या वर्षी बघू, असं ते म्हणाले. एसटीत मॅडमनी डबा उघडला, परत बंद केला आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. बाहेर दोन्ही बाजूंना ऊस उभा होता.

पुढच्या हंगामाच्या तोंडावर कारखान्यानं कंट्रोल रूम नवी करायला काढली. मोळी टाकायच्या, म्हणजे गाळप सुरू करायच्या, कार्यक्रमाला पाहुणे येणार, त्यांना पडदे झकपक दिसले पाहिजेत. रंगरूपाचं काम पुण्याच्या एका कंपनीला दिलं. आमच्या मालकांना कळवलं, मालकांनी मान डोलावली. मॅडमनी त्या कंपनीला दोनदा फोन केला. पलीकडची पोरं हुशार होती, नीट बोलली. म्हणाली, तुमच्या लॉजिकला आम्ही हातही लावत नाही, फक्त फाँट आणि रंग.

एके दिवशी दुपारी जेवणाच्या वेळेला शेषरावांनी मॅडमना फोटो पाठवला. नवा निळा पडदा, सुबक पांढरी अक्षरं. सोबत निरोप होता: बघा मॅडम, कसं दिसायलंय. आज गव्हाणीत साखळ्या बदलायचं काम चालू हाय, उद्या ट्रायल.

गव्हाण म्हणजे गाड्यांतला ऊस जिथं पडतो तो रुंद, खोल सरकता पट्टा. पडलेला ऊस तो ओढत ओढत चाकूंकडे नेतो. मॅडमनी फोटो मोठा केला. मी समोर भाकरी खात होतो. त्यांनी फोन माझ्यासमोर धरला.

"गव्हाणीत माणसं हायेत म्हणतेत शेषराव. मंग गव्हाणीच्या नावावर रेघ कुठाय?"

रेघ नव्हती. एकाही नावावर नव्हती. पुण्याच्या पोरांनी आमच्या हुकमाला खरंच हात लावला नव्हता, हे नंतर कळलं. त्यांनी सगळ्या अक्षरांसाठी आपला एक नवा हुकूम लिहिला होता, आमच्यापेक्षा पडद्याच्या जवळच्या जागी. या पद्धतीत जवळचा हुकूम लांबच्याला बाजूला सारतो. कुठंही चूक उमटत नाही, काही लाल होत नाही, घंटी वाजत नाही. सगळं देखणं दिसत राहतं.

मॅडमनी शेषरावांना फोन लावला. वाजत राहिला. मिलमध्ये ठोकाठोकीचा आवाजच इतका असतो. इंजिनिअर साहेबांचा बिझी. मग त्यांनी सय्यद चाचांना लावला आणि पहिल्याच रिंगला चाचांनी उचलला.

"चाचा, गव्हाणीत माणूस हाय. शेषरावला चालू करू देऊ नका. पळा."

चाचांनी काही विचारलं नाही. फोन तसाच चालू ठेवून ते पळाले. मॅडमनी फोन टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला. आम्हाला त्यांचे बूट ऐकू येत होते, धाप ऐकू येत होती. मग भोंगा ऐकू आला. यंत्र चालू करण्याआधी जो वाजवतात तो. दुरुस्तीच्या दिवसांत तो इतका वाजायचा की आत काम करणारे मान वर करीत नसत. मॅडमचे दोन्ही हात टेबलाच्या कडेवर होते. चाचा ओरडायला लागले, "बंद करो, शेषराव, बंद करो," आणि त्यांच्या ओरडण्याच्या खालून दुसरं एक ओरडणं आलं. मग फोन तुटला.

बाकीचे जेवायला गेले होते, आत लिंबाजी नावाचा एकटा फिटर राहिला होता. चाचांचा आवाज ऐकून शेषरावांनी बंदचं बटण दाबलं म्हणून जीव वाचला. डावा पाय गुडघ्याखाली गेला. साहेबांनी मोटार तपासून बघा म्हणून खोलीतून सांगितलं होतं, शेषरावांनी पडद्याकडे बघितलं, गव्हाणीवर रेघ नव्हती, सगळे जेवायला बाहेर पडले असं समजून त्यांनी चालू केलं. एवढंच घडलं होतं.

लिंबाजीला परभणीलाच आणलं. मॅडम आठवडाभर ऑफिस सुटलं की दवाखान्यात जात आणि त्याच्या बायकोजवळ बसत. एकदा मी बरोबर होतो. लिंबाजी शुद्धीवर होता. त्यानं मॅडमला बघितलं आणि अगदी साध्या आवाजात विचारलं,

"मॅडम, तवा पडद्यावर काय दिसत होतं?"

"काहीच न्हाई," मॅडम म्हणाल्या.

तो छताकडे बघत राहिला. मॅडमनी त्याच्या उशाजवळचा पाण्याचा तांब्या भरून आणला.

कारखान्यात बैठक झाली. पुण्याहून एक जण आला होता, पोरगेलासा, डोळे सुजलेले, रात्र जागून काढल्यासारखा. तो म्हणाला, आम्ही तर फक्त डेकोरेशन बदललं होतं. सगळे मॅडमकडे बघायला लागले. आमच्या मालकांना वाटलं आता त्या त्याला फाडून खातील, आमची बाजू धुऊन निघेल. मॅडमनी त्या पोराला काही म्हटलं नाही. शेषराव कोपऱ्यात उभे होते, त्यांच्याकडे बघत त्या म्हणाल्या, "रेघ पुण्यावाल्यांकडून गेली. पण शेषरावांनी खाली जाऊन बघायचं सोडलं, ते माझ्या रेघेमुळं. हे दोन्ही लिहून घ्या."

मालकांना ते आवडलं नाही. ऑफिसात अबोला सुरू झाला. 'अपशकुनी' हा शब्द आता हळू आवाजात राहिला नाही. दिवाळीनंतर आईला घेऊन त्या हैदराबादला गेल्या. आई कशी तयार झाली कोण जाणे. पण जाण्याआधी कारखान्याचं काम त्यांनी पुरं केलं. कुलपं बसली. आत जाणाऱ्याच्या खिशात किल्ली आली. रेघही परत आली. तिच्या शेजारी 'माणूस आत आहे' असे शब्द आले, आणि कुठलाही नवा हुकूम त्या दोन्हींना झाकू शकणार नाही अशा जागी त्यांनी ते बांधून टाकले.

मोळी टाकायच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांनी शेवटची तपासणी ठेवली. इंजिनिअर साहेबांना आणि मला तेवढी ती ठाऊक होती. मॅडमनी गव्हाणीच्या मोटारीची वीज तोडवली, इलेक्ट्रिशियनकडून दोनदा खात्री करून घेतली, कुलूप लावलं, किल्ली ओढणीच्या गाठीत बांधली. मग लॅपटॉपवर बसून आपल्याच हातानं गव्हाणीवरची रेघ काढली, शब्द काढले. पडदा निळा, स्वच्छ दिसायला लागला. मग त्या खाली गेल्या.

मी कंट्रोल रूममध्ये शेषरावांच्या मागे उभा होतो. साहेबांनी ठरल्याप्रमाणे सांगितलं, "शेषराव, गव्हाण चालू करा."

शेषरावांनी पडद्याकडे बघितलं. नावावर काही नव्हतं. त्यांचा हात पुढं गेला, माउसवर टेकला. साहेब घड्याळ बघत होते. बाहेर मांडवाच्या बांबूंवर कुणीतरी हातोडा मारत होतं. शेषरावांचा हात तिथंच होता. मग त्यांनी तो काढून घेतला, मांडीला पुसला आणि उठले. लोखंडी जिन्यावर त्यांची पावलं जड वाजत गेली. मी त्यांच्या मागे गेलो.

कठड्याला धरून ते गव्हाणीत वाकले. खाली, लोखंडी पट्ट्यांवर, गुडघे पोटाशी घेऊन मॅडम बसल्या होत्या. ड्रेसला ग्रीस लागलं होतं. त्या वरच बघत होत्या.

"आज आलात," मॅडम म्हणाल्या. "परवा गाड्यांची रांग फाटकाबाहेर गेली आणि साहेब फोनवर ओरडायला लागले, तवा याल का?"

शेषरावांनी कठडा घट्ट धरला. मॅडम उठल्या नाहीत. मान वर करून, उत्तराची वाट बघत तशाच बसून राहिल्या.